साहेबांना चालेल असं पुस्तक

१० जून

पुतणीबाईंना काकाचा आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो, पण मी बोलायला लागलो की तू फोन हातभर लांब धरतेस असं तुझ्या आईकडून कळलं. पत्र्याच्या कपाटांच्या कारखान्यात आयुष्य गेलं, त्याला मी काय करू? कागदावर ओरडता येत नाही, म्हणून कागदावर बोलतो.

काम तुझ्या खात्यातलं आहे. तू वाचनालयांसाठी मुलांची नवी पुस्तकं निवडून देतेस, शिफारस करतेस, असं मी लोकांना छाती फुगवून सांगत असतो. आता ती शिफारस आमच्या घरी लागली आहे.

तुझ्या चुलतभावाची मुलगी शाळेसाठी आमच्याकडे राहायला आली, त्याला वर्ष होत आलं. आईबाप धरणाच्या कामावर, तिथे शाळा नाही. मुलगी नऊ वर्षांची, गुणी, हट्ट नाही, रडणं नाही. सर्दी तेवढी पाचवीला पुजलेली. शाळा सुटली की थेट कारखान्यात येते. माझ्या केबिनमध्ये पंखा आहे, खुर्ची आहे, तिथे बसत नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनसमोर स्टूल टाकते आणि एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघत राहते, तपासणीला आल्यासारखी. म्हणून कामगारांनी तिचं नाव ठेवलंय 'साहेब'. आता तुझी काकूसुद्धा 'साहेब, जेवायला चला' म्हणते.

पण शाळेला साहेब पसंत नाहीत. वर्गाच्या बाई म्हणतात, हिचं लक्ष नसतं. नाव पुकारलं तरी उठत नाही, धडा वाचायला सांगितला तर भलतंच पान काढते, श्रुतलेखनाला वही कोरी. मला समोर बसवून बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं की सहामाहीपर्यंत फरक पडला नाही, तर हिला सावकाश शिकणाऱ्या मुलांच्या निवासी शाळेत घाला. ती शाळा इथून दिवसभराच्या वाटेवर आहे. मुलाला कळवलं तर तो म्हणाला, बाबा, शाळेला आपल्यापेक्षा जास्त कळतं. शाळेला जास्त कळतं हे मला मान्य आहे. माझ्या नातीबद्दल जास्त कळतं, हे मान्य नाही.

घरी वाचनाची गोडी लावा, असं बाईंचं म्हणणं. आमच्या घरात वाचण्यासारखं म्हणजे कपाटांच्या रंगांचं कॅटलॉग. दुकानात गेलो, तर दुकानदाराने माझ्याच लहानपणच्या गोष्टी नव्या कोऱ्या कव्हरात पुढे केल्या. राजा, राणी, शेवटच्या पानावर शहाणा होणारा आळशी मुलगा. साहेबांनी दुकानातच जांभई दिली. मला आत्ता निघालेली पाहिजेत, या एक-दोन वर्षांतली. जुनी गाडी घ्यायची तर मी मेकॅनिकला सोबत नेतो. पुस्तकाला तुला नेतोय.

मुलगी हातची जाऊ द्यायची नाही, एवढं ध्यानात ठेव.

तुझा काका

१८ जून

काका, नमस्कार.

पत्र आईला वाचून दाखवलं. फोनचं मी कधी बोललेच नाही, असं आधी म्हणाली आणि मग बराच वेळ हसत बसली.

साहेबांसाठी तीन पुस्तकं पाठवते. तिन्ही नवी, तिन्ही आमच्या समितीत भांडून यादीत घातलेली.

पहिलं गाण्यांचं. एका बसला उचकी लागते आणि ती प्रत्येक थांब्यावर उचकते. हे मोठ्याने वाचायचं पुस्तक आहे. आमच्या बालविभागात मुलं जमिनीवर लोळतात. तुमचा आवाज एकदाचा सत्कारणी लागेल.

दुसऱ्यात एकही शब्द नाही. उंच इमारतीच्या काचा पुसणारी एक बाई दोरीवरून खाली येते आणि प्रत्येक खिडकीत तिला वेगळं घर दिसतं, बस. समितीतले एक सर म्हणाले, शब्द नाहीत त्याला पुस्तक कसं म्हणायचं? मी म्हटलं, घरी नेऊन बघा. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच आणखी एक प्रत मागायला आले.

तिसरी कादंबरी आहे, थोडी मोठ्या मुलांची. इमारतीची लिफ्ट बंद पडते, दोन मैत्रिणींना वाटतं ती कोणीतरी मुद्दाम बंद पाडली, आणि त्या मजल्यामजल्याने चौकशी करत जातात. आत्ता जड वाटेल, पण घरात असू द्या. मुलं आपल्या मापापेक्षा मोठं पुस्तक लांबून बघत असतात.

एकच अट. वाचून झाल्यावर 'काय शिकलीस?' असं विचारू नका. जेवण झाल्यावर लगेच भांडी घासायला लावल्यासारखं वाटतं मुलांना.

आणि काळजी करू नका. न वाचणारी मुलं मी रोज बघते. त्यांचं पुस्तक त्यांना भेटलेलं नसतं, इतकंच असतं.

तुमची पुतणी

२ जुलै

पुतणीबाई,

तुझी बस पंक्चर झाली.

मी गाण्यांचं पुस्तक घेऊन साहेबांच्या शेजारी आडवा झालो. पुस्तक दोघांच्या डोक्यावर धरलं आणि जीव तोडून वाचलं. प्रत्येक उचकी वेगळी काढली. काकू पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली, तिला वाटलं मला खरंच काहीतरी झालं. आणि साहेब? माझी सगळ्यात चांगली उचकी चालू असताना ओळ अर्धी तोडून पान उलटून मोकळे. पुढच्या पानावरचा पोलीस बघायचा होता म्हणे. मी पुस्तक मिटलं. खरं सांगतो, जरा लागलंच मला.

पण काचवाल्या बाईने कमाल केली. साहेबांनी ते पुस्तक कारखान्यात नेऊन प्रेसवाल्याला एकेक खिडकीवर बोट ठेवून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची टोपी आठव्या मजल्यावरच्या मुलीच्या डोक्यावर कशी, ते मला तरी दिसलं नव्हतं. प्रेसवाल्यालाही नव्हतं. दोघांनी जेवणाच्या सुट्टीत टोपीचा माग काढला.

आणि ऐक. लिफ्टची कादंबरी साहेबांनी संपवली. स्टुलावर बसून, शेडचा सगळा धडधडाट चालू असताना. तुझी अट मी मोडली, गोष्ट विचारलीच. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत सगळी सांगितली, लिफ्ट कोणी बंद पाडली ते मात्र सांगितलं नाही. म्हणाली, तुम्हीच वाचा, आजोबा.

मी तो ठोकळा घेऊन शाळेत गेलो. बाईंच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ही मुलगी सावकाश शिकते? बाई म्हणाल्या, वाचते की पानं उलटते ते बघितलंत का? मी म्हटलं, बघितलं. त्या म्हणाल्या, मग वर्गात का नाही? मी ठोकळा उचलून परत आलो.

मला वाटतं, साहेब माझ्यावर गेलेत. दुसऱ्याने भरवलेलं चालत नाही. तर आता मोठ्याने वाचायची पुस्तकं नकोत, स्वतः वाचायची पाठव.

काका

१० जुलै

काका,

लिफ्टवाली कादंबरी नवव्या वर्षी संपवणाऱ्या मुलीची मला काडीचीही काळजी वाटत नाही. तिला कंटाळा येत असणार. हुशार मुलं वर्गात खिडकीबाहेर बघतात, मीही बघायची.

दोन कादंबऱ्या आणि एक चित्रगोष्टींचं पुस्तक पाठवते. चित्रगोष्टीत एक मुलगी बंद पडलेलं घड्याळाचं दुकान चालवते. बोलणं सगळं फुग्यांमध्ये आहे, पण फालतू नाही.

शिवाय एक ऐकायचं पुस्तक ठेवलंय, छोट्या यंत्रात, कानाला लावायच्या वायरीसकट. दीपस्तंभात राहणाऱ्या दोन बहिणींची गोष्ट आहे. वाचणारी नटी अशी वाचते की आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत (आमचे साहेब, तुमचे नव्हेत) सगळे कामं सोडून ऐकत होते. तुमच्या उचक्या नाही पटल्या तर ही नक्की पटेल.

आणि तुमच्या शहराच्या वाचनालयात दर शनिवारी गोष्टींचा तास असतो. तिथली बाई माझी मैत्रीण, बाहुल्या नाचवून नव्या पुस्तकांतल्या गोष्टी सांगते. साहेबांना न्याच. शाळेला सांगता येईल की मुलगी चारचौघांत बसून गोष्ट ऐकते.

तुमची पुतणी

२९ जुलै

पुतणीबाई,

आधी हिशेब पुस्तकांचा. घड्याळाच्या दुकानाचं पुस्तक उशाशी असतं, काकूला हात लावू देत नाही. कादंबऱ्या दोन्ही फस्त. ऐकायचं पुस्तक साहेबांनी कानाला लावलं, पाहुण्याकडे बसल्यासारखी सभ्यपणे थोडा वेळ बसली आणि मग यंत्र काढून प्रेसवाल्याला दिलं. तो आता रोज जेवताना त्या दोन बहिणींची गोष्ट ऐकतो. काल घास हातात धरून रडत होता. तू म्हणालीस ते खरं आहे, बाई वाचते छान. फक्त गिऱ्हाईक वेगळं मिळालं.

शनिवारचं सांगतो. तुझी मैत्रीण काळ्या पडद्यामागे बसते आणि वर बाहुल्या बोलतात. पोरं खिदळत होती. साहेब थोडा वेळ बसले, मग उठले, भर गोष्टीत पडद्यामागे गेले आणि तुझ्या मैत्रिणीच्या तोंडासमोर जाऊन मांडी घालून बसले. तिची बाहुलीच हातातून पडली. पोरांनी गोंधळ केला. तुझ्या मैत्रिणीने हसण्यावारी नेलं, पण दुसऱ्या आया माझ्याकडे असं बघत होत्या की मीच पडदा फाडलाय. घरी येताना मी विचारलं, आत का गेलीस? म्हणाली, बाहुल्यांची तोंडं हलत नाहीत ना.

आता खरं सांगतो, हे सगळं मी हसून लिहितोय पण हसू येत नाहीये. शाळेचा कागद आला. सहामाहीपर्यंत जागा राहणार नाही, म्हणून निवासी शाळेने ती आत्ताच धरून ठेवली आहे. पुढच्या महिन्याच्या अखेरीस मुलगा येणार, सही करणार आणि तिला पोचवून परत जाणार. काकू साहेबांच्या कपड्यांच्या उगाच पुन्हा पुन्हा घड्या करते. साहेबांना अजून काही सांगितलेलं नाही. पण ती आमच्या तोंडाकडे बघते, आणि तोंडं लपवायची कुठे?

मुख्याध्यापकांना भेटलो. माणूस वाईट नाही. म्हणाले, एकदा तरी आम्हाला दाखवा की ही मुलगी दुसऱ्याचं वाचलेलं लक्ष देऊन ऐकते. म्हणून तुला हात जोडून विचारतो. असं एक पुस्तक सांग, एकच, की ते कोणी मोठ्याने वाचायला लागलं तर साहेब जागचे हलणार नाहीत. कुठलंही असो, कुठूनही आणतो.

काका

५ ऑगस्ट

काका,

असं पुस्तक मी तुम्हाला सांगणार नाही.

तुमची पत्रं काल पुन्हा सलग वाचली. पुस्तकांच्या नादात मी मुलीकडे बघायचीच राहिले होते. तिने काय ठेवलं बघा. बिनशब्दांचं पुस्तक, कादंबऱ्या, चित्रगोष्टी. सगळं डोळ्यांचं. काय परत केलं? बसची गाणी, ऐकायचं यंत्र, पडद्यामागची गोष्ट. सगळं कानांचं. आणि पडद्यामागे ती खोडी काढायला गेली नाही, काका. ती माझ्या मैत्रिणीचं तोंड बघायला गेली. तुम्ही शेजारी आडवं होऊन छताकडे तोंड करून वाचलंत, तेव्हा तिला तुमचं तोंड दिसत नव्हतं.

तिला नीट ऐकू येत नाहीये असं मला वाटतं. माझं चुकलं तर बरंच आहे, मी माफी मागेन. पण कुठल्याही कागदावर सही होण्याआधी तिला कानाच्या डॉक्टरकडे न्या. तोवर एक करून बघा. लिफ्टच्या कादंबरीतलं तिचं आवडतं पान काढा, पुस्तक तोंडासमोर धरा आणि वाचा.

तुमची पुतणी

९ ऑगस्ट

चि. पुतणी,

तुझं पत्र मिळालं. तुला पुस्तकं विचारली होती, रोग विचारला नव्हता.

आमच्या घराण्यात अजून कोणाचे कान गेले नाहीत. मी पत्र्यावर टिचकी मारून सांगतो की वेल्डिंगचा टाका कुठे कच्चा बसलाय. त्याच कानांवर हा कारखाना उभा राहिला, कुठल्या डिग्रीवर नाही. माझ्या घरातल्या मुलाला वर्षभर ऐकू येत नाही आणि मला कळत नाही, असं तुला म्हणायचंय?

उलट ऐक. आमची प्रेस चालू असताना बाहेरचा माणूस शेडमध्ये आला तर त्याला एक अक्षर समजत नाही. साहेबांना शेडच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या प्रेसवाल्याचं सगळं समजतं. तो तिथून काय म्हणतोय ते ती मला येऊन सांगते, बिनचूक. असे असतात का कमी ऐकू येणाऱ्याचे कान?

काकूचा आशीर्वाद.

काका

१२ ऑगस्ट

काका,

प्रेस चालू असताना प्रेसवाल्याचं बोलणं तुम्हाला कानांनी ऐकू येतं?

रागावलात तरी चालेल, पण एवढ्याचं उत्तर द्या.

तुमची पुतणी

२१ ऑगस्ट

पुतणीबाई,

नाही येत.

कोणालाच येत नाही. प्रेस चालू असली की आम्ही एकमेकांची तोंडं बघतो, हात बघतो, भुवया बघतो. इतकी वर्षं ते करतोय की आपण ऐकत नसून बघतोय हेच विसरलोय. नवा कामगार आला की महिनाभर 'काय, काय' करत फिरतो आणि मग एक दिवस त्याला समजायला लागतं. साहेबांना पहिल्याच आठवड्यात समजायला लागलं होतं. मी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचो, बघा, नात कोणाची आहे. ती हे येतानाच शिकून आली होती, हे डोक्यात शिरलं नाही. आमच्या शेडमध्ये सगळेच बहिरे. तिथे ती वेगळी दिसणार कशी? तिला तिथे बरं का वाटायचं, तेही आता कळलं.

तुझं चिमुकलं पत्र खिशात घालून फिरलो. मग सुट्टीच्या दिवशी तिला कारखान्यात घेऊन गेलो. मशिनं बंद, शेडमध्ये चिडीचूप. ती पाठमोरी बसून वाचत होती. मी मागे उभ्या केलेल्या पत्र्यावर नखाने टिचकी मारली. मग पेन्सिलीने. मग बोटाच्या पेराने. तो आवाज मी शेडच्या दाराबाहेरून ओळखतो. तिने शांतपणे पान उलटलं. शेवटी मी हातोडी उचलून पत्र्यावर हाणली. तेव्हा ती वळली आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही हाक मारलीत का?"

मी म्हटलं, हो. काय काम आहे, म्हणाली. मी विचारलं, गोष्ट कुठवर आली? ती सांगत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, ती आमच्याकडे बघते तसा. गोष्टीतलं एक अक्षर माझ्या डोक्यात गेलं नाही.

आता श्वास सोड, कारण पुढचं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो, तिथे डॉक्टरीणबाईंनी तिला एका लहानशा खोलीत बसवलं. काचेतून आम्हाला दिसत होतं. आवाज आला की हात वर करायचा. आवाज गेला की दिवा लागायचा, तो आम्हाला बाहेर दिसत होता, आणि तिचा हात मांडीवरच. काकूने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठले. मग डॉक्टरीणबाईंनी कानात बघितलं, दोन्ही कानांच्या पडद्यांमागे आणखी काय काय तपासलं आणि सांगितलं. पडद्यांमागे पाणी साचून घट्ट झालंय. सततच्या सर्दीने होतं, लहान मुलांत होतंच. आतली नस शाबूत आहे. पाण्यात बुडी मारल्यावर आपल्याला काठावरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं तिला इतके महिने येत होतं. पडद्याला बारीक छेद घेऊन पाणी काढायचं, मोहरीएवढी नळी बसवायची.

मी विचारलं, हे नीट होण्यासारखं आहे का? त्या म्हणाल्या, "आजोबा, हे माझं रोजचं काम आहे."

इतकं सुंदर वाक्य मला कोणी आजवर ऐकवलं नव्हतं. बाहेर येऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. काकू रडत होती आणि मी तिला सांगत होतो की रोजचं काम आहे, अगं, रोजचं काम आहे.

साहेबांना विचारलं, कमी ऐकू येतं हे सांगितलं का नाहीस? म्हणाली, "मला वाटलं, सगळ्यांना एवढंच येतं."

मुलाला कळवलंय की ये, पण पेन घरी ठेवून ये. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला. तुला मागच्या पत्रात जे टाकून बोललो, ते तू विसरशील असं धरून चाललोय.

काका

२५ ऑगस्ट

काका,

विसरले. खरं तर ते पत्र मी समितीतल्या त्या सरांना दाखवून म्हणणार होते की बघा, आमच्या घराण्याचा राग, पण आता राहू दे.

तुमचं पत्र मी पुस्तकांच्या गोदामात उभी राहून वाचलं आणि तिथेच खोक्यावर बसले. मला न वाचणाऱ्या मुलांची फार माहिती आहे असं मला वाटत होतं. 'त्यांचं पुस्तक भेटलेलं नसतं' हे वाक्य मी इतक्या आईबापांना ऐकवलंय की त्यातल्या कोणाकोणाच्या मुलांना काय काय होत असेल, कोण जाणे. आता कोणी येऊन म्हणालं की मूल गोष्टीत रमत नाही, तर पुस्तक काढण्याआधी मी चार प्रश्न विचारते. परवा एक बाबा वैतागले. म्हणाले, पुस्तक द्यायचं तर द्या, तपासणी कसली करता? मी म्हटलं, आमच्या घरी एक साहेब आहेत, त्यांच्याकडून शिकले.

हॉस्पिटलसाठी एक पातळसं पुस्तक पाठवते. याच महिन्यात निघालंय. एका मुलाला अंथरुणात पडून राहायचा कंटाळा येतो आणि तो छतावरच्या ओलीच्या डागाचा नकाशा बनवतो. आजारी मुलाला धीर देणारी बहुतेक पुस्तकं धीर देता देता घाबरवतात. हे तसं नाही.

भूल देतील त्या दिवशी मला ऑफिसात काम सुचणार नाही. संपलं की फोन करा. लांब धरणार नाही.

तुमची पुतणी

१९ सप्टेंबर

पुतणीबाई,

फोनवर तुला सगळं कळलंच आहे, पण फोनवर मी नीट सांगू शकलो नाही. काकू सारखी 'हळू बोला, तिला त्रास होतोय' म्हणत होती. माझ्या आवाजाचा तिला त्रास होतोय! मी बाहेर अंगणात जाऊन नाचायचा बाकी राहिलो.

डागाचा नकाशा साहेबांनी हॉस्पिटलातच वाचून शेजारच्या खाटेवरच्या मुलाला देऊन टाकला. त्याला तुझी शिफारस म्हणून नव्हे, स्वतःची म्हणून दिला. म्हणाली, मध्ये जरा कंटाळा येईल, पण सोडू नकोस.

गाडीतून घरी येताना विचारत होती, हे टकटक काय वाजतंय? वळायच्या दिव्याचा आवाज होता तो. घरी नळ गळत होता, तो तिने जाऊन बंद केला. मग घड्याळाच्या दुकानाचं पुस्तक घेतलं, एक पान उलटलं आणि थांबली. पुन्हा उलटलं. पुढे वाचेना. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "आजोबा, पान वाजतं." मग बराच वेळ आम्ही दोघं नुसती पानं उलटत बसलो होतो. काकूला वाटलं, वाचन चाललंय.

मुलगा आला. पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघरातून तिला हाक मारायचा आणि ती आतल्या खोलीतून 'ओ' द्यायची. काम काही नसायचं. पुन्हा हाक, पुन्हा 'ओ'. शेवटी ती दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, आता खरंच काम असेल तेव्हाच मारा. त्याने निवासी शाळेचा कागद स्वतः नेऊन परत दिला. बाईंनी डॉक्टरांचं पत्र दोनदा वाचलं. मी ऐकवायला चार वाक्यं तयार करून गेलो होतो, पण त्यांचा चेहरा बघून ती तशीच परत आणली. साहेब आता पहिल्या बाकावर बसतात. सहामाहीत पास-नापास काय व्हायचं ते होईल, मुलगी इथून हलत नाही.

एक नुकसान मात्र झालं. सगळं बरं झाल्यावर साहेब पहिल्यांदा कारखान्यात आले. कामगारांनी स्टूल पुसून ठेवलं होतं. प्रेसवाल्याने त्यांच्या स्वागताला मशीन चालू केलं, आणि साहेबांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. म्हणाली, तुम्ही सगळे यात कसे राहता? आणि जी गेली ती गेली. आता शाळा सुटली की घरी जाते, नाहीतर वाचनालयात. प्रेसवाला उदास आहे. म्हणतो, नुसत्या चेहऱ्यावरून माझं बोलणं पहिल्याच आठवड्यात ओळखणारी एकच होती, तीही गेली. मी त्याला तुझं पुढचं ऐकायचं पुस्तक कबूल केलंय, तेवढं बघ.

शेवटी जे सांगायचं ते. गेल्या आठवड्यात शाळा सुटायच्या वेळी मी फाटकाशी उभा होतो. साहेब बाहेर आले, सोबत वर्गातली एक मुलगी. त्या मुलीने हिच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी कुजबुजली. आमची नात जागच्या जागी थांबली. मग दोघी अशा हसायला लागल्या की दप्तरं खाली ठेवावी लागली.

वाटेत मला म्हणाली, मुली एकमेकींच्या कानाशी तोंड नेतात तेव्हा त्या नुसता श्वास सोडतात असं तिला वाटायचं. तसला एक खेळ असेल. तीही कधी कधी कोणाच्या कानात नुसता श्वास सोडायची आणि मुली पळून जायच्या. आत शब्द असतात हे तिला त्या दिवशी कळलं.

मी विचारलं, मग काय म्हणाली ती?

माझ्याकडे बघून म्हणाली, "ते गुपित आहे, आजोबा."

मी पुन्हा विचारलं नाही. काकूने रात्री जेवताना विचारून बघितलं, तिलाही सांगितलं नाही. मुलाने फोनवर विचारलं, त्यालाही नाही. सगळं घर खूश आहे.

साहेबांचा निरोप आहे की पुढचं पुस्तक असं पाठव ज्यात दोन मुलींचं एक गुपित आहे आणि ते शेवटपर्यंत कोणाला कळत नाही. असं नवं काही निघालं असेल तर बघ. नसेल तर समितीत भांडून कोणाकडून तरी लिहून घे.

तुझा काका